नटाचं व्यक्तिचित्र: शेवटच्या रांगेपासून कॅनव्हासपर्यंत

नटाचं व्यक्तिचित्र करायला घेतलं की बहुतेकांचा हात आधी चेहऱ्याकडे जातो. विस्फारलेले डोळे, ताणलेल्या भुवया, अर्धवट उघडं तोंड हे सगळं फोटोवरून हुबेहूब उतरतंही. चित्र पूर्ण झाल्यावर मात्र ते व्यंगचित्राकडे झुकलेलं दिसतं आणि नेमकं काय चुकलं ते कळत नाही. खरं तर रेखाटनात काहीच चुकलेलं नसतं. रंगमंचावरचा अभिनय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचावा म्हणून मोठा केलेला असतो. भुवईची रेघ जाड ओढलेली असते, वाक्याआधीचा श्वास खोल असतो, हात मनगटापासून न हलता खांद्यापासून उचलला जातो. चित्र पाहणारा माणूस मात्र कॅनव्हासपासून चार-सहा फुटांवर उभा असतो. साठ फुटांसाठी बेतलेला चेहरा सहा फुटांवर जसाच्या तसा आणला, तर तो आरडाओरडा करणारच.

म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना एकाच सूत्रातून येतात. नटाच्या चेहऱ्यावरचा जोर थोडा उतरवायचा आणि तो चित्राच्या बाकीच्या अंगांत वाटून द्यायचा: शरीराच्या तोलात, हातांत, प्रकाशात, रंगात आणि ब्रशच्या फटकाऱ्यात. चेहऱ्याची प्रमाणं तुम्हाला जमतात आणि तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक हाताळायची सवय आहे, हे इथे गृहीत धरलं आहे.

आधी ठरवा, कोणाला रंगवायचं आहे?

नटाच्या चित्रात तीन माणसं असू शकतात. एक म्हणजे ते पात्र, दुसरा ते पात्र जगणारा नट आणि तिसरा मेकअप उतरवून घरी जाणारा माणूस. तिघांनाही एकाच चित्रात बसवण्याचा हट्ट धरला की कोणीच नीट उभं राहत नाही. त्यातला मुख्य कोण, हे ब्रश उचलण्याआधी ठरवा.

वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगमंचावर आलं. डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले आणि पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी तीच भूमिका केली. शब्द तेच, पण प्रत्येकाची शरीरयष्टी वेगळी, उभं राहण्याची तऱ्हा वेगळी, आवाजाचा पोत वेगळा. या भूमिकेतल्या एखाद्या नटाचं चित्र तुम्ही केलंत आणि ते दुसऱ्या कुठल्याही बेलवलकरांच्या नावावर खपलं, तर तुम्ही पात्राचे कपडे आणि दाढी रंगवलीत, नट निसटला, असं समजा.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषी पोशाखातलं आणि दुसरं स्त्रीभूमिकेतलं. पुण्यात असाल तेव्हा वही घेऊन या दोन्हींसमोर उभे राहा. माणूस एकच आणि चित्रकारही एकच. काय बदललं आणि काय तेच राहिलं, याची दोन रकान्यांत यादी करा. पात्र आणि नट यांतला फरक कळायला मराठी माणसाला याहून जवळचा धडा नाही.

जपानमध्ये शाराकू या चित्रकाराने १७९४ आणि १७९५ या वर्षांत, जेमतेम दहा महिन्यांत, काबुकी नटांची एकशे चाळीसहून अधिक छापचित्रं केली. काबुकीतही स्त्रीभूमिका पुरुषच करत. शाराकूने त्या नटांना गोड करून दाखवलं नाही. रंगवलेल्या स्त्रीच्या चेहऱ्याखाली पुरुषाचा जबडा आणि त्याचं वय त्याने दिसू दिलं. पात्र आणि नट एकाच चेहऱ्यावर असे एकत्र नांदू शकतात, फक्त चित्रकाराचं मन आधी ठरलेलं हवं.

ठरवलेलं एका वाक्यात लिहून इझलवर चिकटवा. "बेलवलकरांच्या भूमिकेतला अमुक नट" हे वाक्य पुरेसं नाही. "सगळं गेलं तरी ताठ मान न गेलेला म्हातारा" असं वाक्य हवं. पुढचा प्रत्येक निर्णय या वाक्याला विचारून घ्यायचा आहे.

नाटक पाहणं ही पहिली बैठक

पहिला प्रयोग पेन्सिल न घेता पाहा, साध्या प्रेक्षकासारखा. घरी आल्यावर जे आठवतं तेवढंच काढा. आठवणीत राहिलेली मुद्रा बहुधा चित्राच्या कामाची असते, कारण नाटकातल्या शेकडो मुद्रांतून तिने स्वतःची निवड करून घेतलेली असते.

दुसऱ्या प्रयोगाला पुढच्या रांगांमध्ये कडेची खुर्ची घ्या. खिशात मावेल अशी वही आणि बोथट ६बी पेन्सिल पुरे. अंधारात कागद दिसणार नाही आणि तो पाहूही नका. प्रत्येक मुद्रेच्या तीनच रेषा टिपा: पाठीचा कणा, खांद्यांचा उतार आणि वजन कोणत्या पायावर आहे ते. शेजारी अंक, प्रवेश आणि वाक्यातला एखादा शब्द लिहून ठेवा. अशा पंधरा-वीस चिठ्ठ्या जमल्या की एक गोष्ट दिसायला लागते. प्रत्येक नटाची तोल सांभाळण्याची एक खास सवय असते आणि ती भूमिका बदलली तरी फारशी बदलत नाही. कोणी मान आधी पुढे काढतो, कोणी बोलण्याआधी टाचेवर मागे जातो. चेहरा पूर्ण पुसला तरी नट ओळखू येतो तो या सवयीमुळे.

प्रयोगात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती पाळलीच पाहिजे. फोटो हवे असतील तर संस्थेच्या व्यवस्थापकांशी आणि दिग्दर्शकांशी बोलून रंगीत तालमीला बसण्याची परवानगी मागा. तिथे वेशभूषा, रंगभूषा आणि प्रकाशयोजना प्रयोगासारखीच असते. फ्लॅश कधीही वापरू नका, नटाची एकाग्रता तर जातेच, शिवाय ज्या प्रकाशासाठी तुम्ही आलात तोच पुसला जातो. कॅमेरा किंवा मोबाइल रंग आपोआप 'दुरुस्त' करतो आणि पिवळसर प्रकाश पांढरा करून टाकतो. हॅलोजन दिव्यांसाठी व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर स्थिर करा आणि एक्सपोजर थोडं कमी ठेवा, म्हणजे उजळ गाल आणि कपाळ जळून पांढरं होणार नाही.

मेकअप रूममध्ये जायची परवानगी मिळाली तर रंगभूषाकाराजवळ बसा आणि पाहा. तिसऱ्या घंटेच्या आधी नटाशी गप्पा मारू नका. तो वेळ त्याचा आहे.

क्षण निवडताना शिखर टाळा

प्रसंग शिगेला पोचतो तो क्षण रंगवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण शिखरावर पोचलेल्या भावनेला पुढे जायला जागा उरत नाही, त्यामुळे चित्र पाहणाऱ्याला स्वतःहून काही भरायला वावच मिळत नाही. त्याऐवजी त्याच्या किंचित आधीचा किंवा लगेच नंतरचा क्षण घ्या. श्वास भरून घेतला आहे पण शब्द फुटलेला नाही, किंवा शब्द संपला आहे आणि हात अजून खाली आलेला नाही.

विल्यम हॉगार्थने १७४५ च्या सुमारास डेव्हिड गॅरिक या नटाला तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत रंगवलं. लढाईच्या आदल्या रात्री तंबूत दुःस्वप्नातून दचकून उठलेला राजा. हे भव्य चित्र आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. त्यात चेहरा भेदरलेला आहेच, पण भीती खऱ्या अर्थाने दिसते ती पुढे आलेल्या, बोटं फाकलेल्या हातात. चेहऱ्याने सगळं एकट्याने पेललेलं नाही.

निवडलेला क्षण नाटकात शब्दशः असायलाच हवा असंही नाही. जॉन सिंगर सार्जंटने १८८९ मध्ये एलन टेरी या अभिनेत्रीला लेडी मॅकबेथच्या भूमिकेत रंगवताना तिच्या दोन्ही हातांत मुकुट दिला. तो ती स्वतःच्या डोक्यावर चढवते आहे. शेक्सपिअरच्या नाटकात ही कृती कुठेच नाही. तरीही त्या बाईची हाव आणि त्या हावेची तिलाच वाटणारी भीती एका हालचालीत आली. इझलवरचं तुमचं वाक्य पक्कं असेल, तर नाटकाबाहेरची मुद्राही नाटकाशी इमान राखू शकते. मात्र ती सुचायला नाटक आधी अंगात मुरलेलं हवं.

नटाला बैठक देताना

नटाला "भाव द्या" असं सांगू नका. तो देईल, अगदी सराईतपणे देईल आणि तो पुन्हा शेवटच्या रांगेसाठीचाच असेल. त्याऐवजी त्याला निवडलेल्या प्रवेशातले संवाद म्हणायला सांगा. पहिल्यांदा पूर्ण आवाजात, मग पुटपुटत, मग नुसते मनातल्या मनात. तिसऱ्या वेळी चेहरा जवळजवळ स्थिर असतो, पण मानेच्या शिरा, गिळलेला आवंढा, बोटांची हालचाल हे सगळं चालूच राहतं. तुमचं रेखाटन तेव्हाचं असू द्या. साठ फुटांवरून सहा फुटांवर येण्याचं निम्मं काम नट स्वतःच करून देतो.

दर वीस मिनिटांनी विश्रांती द्या. पायांभोवती खडूने खूण करून ठेवा, म्हणजे पुन्हा उभं राहताना तोल तोच येईल. नट व्यग्र असेल तर कपडे आणि हात यांसाठी दुसऱ्या माणसाला बसवायला हरकत नाही. एदुआर माने यांनी १८६५-६६ मध्ये फिलिबेर रुव्हिएर या नटाला हॅम्लेटच्या भूमिकेत रंगवलं. चित्र पुरं होण्याआधीच रुव्हिएर वारला, तेव्हा हात आणि पाय यांसाठी मानेंनी इतरांना उभं केलं. पण मानेचा कल आणि खांद्यांची रेघ कधीही उसनी घेऊ नका, ती नटाचीच हवी.

प्रकाश: एकच दिवा मुख्य

पूर्वी रंगमंचाच्या कडेला ओळीने तळदिवे असत आणि चेहरा खालून उजळे. एदगार दगा यांनी १८७० च्या दशकात रंगवलेल्या गायिका पाहा. हनुवटीचा खालचा भाग, नाकपुड्या, भुवईखालची खाच उजळलेली आणि कपाळ सावलीत. रोज वरून येणाऱ्या उजेडाची सवय असलेल्या डोळ्यांना हा चेहरा लगेच अनोळखी वाटतो. आज मुख्य प्रकाश बहुतेक समोरून आणि वरून तिरपा येतो, बाजूने रंगीत दिवे असतात आणि पाठीमागच्या दिव्याने केस आणि खांद्यांवर उजळ कड उमटते.

हे सगळे दिवे चित्रात आणले तर गोंधळ होतो. एक मुख्य ठरवा, दुसरा दुय्यम, बाकीचे विझवा. तळहाताएवढ्या कागदावर गडद, मध्यम आणि उजळ अशा तीनच छटांत पाच-सहा छोटे आराखडे करा. त्यातला जो खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येतो तो घ्या. कॅनव्हासला आधी पातळ बर्न्ट अंबरचा हात द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर रंगमंचाचा अंधार उभा करायला फार वेळ जातो.

रंगीत प्रकाशात एक गोष्ट जवळून समजून घ्या. समजा उजवीकडून पिवळसर आणि डावीकडून निळा दिवा आहे. पिवळ्या दिव्याने पडलेली नाकाची सावली काळी नसते. तिथे पिवळा पोचत नाही, निळा पोचतो, म्हणून ती निळी असते. उजव्या गालासाठी यलो ऑकर, थोडा कॅडमियम रेड आणि पांढरा घ्या. डाव्या बाजूला अल्ट्रामरीन, किंचित अलिझरीन क्रिमझन आणि थोडाच पांढरा, छटा मुद्दाम गडद. नाकाच्या दांड्यावर दोन्ही दिवे एकत्र येतात. तिथे दोन रंग मिसळून चिखल करू नका. प्रकाशात प्रकाश मिसळला की उजेड वाढतो, म्हणून ती अरुंद पट्टी फिकट आणि जवळजवळ रंगहीन ठेवा. चेहऱ्यावर सर्वांत उजळ जागा तीच असू द्या.

त्वचेवर रंगभूषा, दोन थरांत

आपल्या चेहऱ्यावर कपाळ थोडं पिवळसर, नाक-गाल लालसर आणि पुरुषाची हनुवटी निळसर असते. रंगभूषेचा बेस हा फरक पुसून टाकतो. जुन्या नाटक मंडळींच्या काळी सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ होतं. आज पॅनकेक आहे, पण काम तेच. थेट बेसचाच रंग लावलात तर मुखवटा तयार होतो. म्हणून आधी खरी त्वचा रंगवा, तिच्या तिन्ही छटांसकट. हा थर वाळू द्या. मग कोरड्या ब्रशने बेसचा अर्धपारदर्शक थर त्यावर ओढा. तैलरंगात वरच्या थरात तेलाचं प्रमाण खालच्यापेक्षा जास्त ठेवा, नाही तर पुढे तडे जातात.

बेस सगळीकडे सारखा ओढू नका. कान, मानेची मागची बाजू, हाताचे तळवे अशा ठिकाणी तो बरेचदा नसतो. पाठीमागचा दिवा कानातून आरपार येतो तेव्हा कान लालबुंद दिसतो, आणि रंगवलेल्या चेहऱ्याशेजारी तो एक कान जिवंत माणसाची खूण देतो. दुसऱ्या अंकापर्यंत घामाने वरच्या ओठावरचा आणि नाकाच्या बाजूचा बेस फुटायला लागतो. तिथे खालचा थर उघडा ठेवा. घाम म्हणजे पांढरे ठिपके नव्हेत, त्याची चकाकी दिव्याच्या रंगाची असते. टोपाची कड कपाळावर जिथे बसते तिथे कानशिलाजवळ फक्त एकाच जागी ती रेघ किंचित कडक ठेवा, बाकी विरघळू द्या.

काजळ लावलेले दोन्ही डोळे सारख्याच गडद रेघेने काढले तर चेहरा बाहुलीसारखा होतो. मुख्य दिव्याकडचा डोळा स्पष्ट, दुसऱ्याची कड सावलीत हरवलेली. संपूर्ण चित्रात धारदार कडा तीन-चार ठिकाणीच असाव्यात आणि त्यांतली एक तरी हातावर.

हात, कपडे आणि मागची जागा

शाराकूच्या एका प्रसिद्ध चित्रात ओतानी ओनिजी हा नट हल्लेखोर नोकराच्या भूमिकेत आहे. छातीशी फाकलेले दोन पंजे पाहिल्यावर चेहऱ्याकडे नजर जाते. हात असे आधी बोलायला हवेत. त्यामुळे हाताचे स्वतंत्र अभ्यास करा, निदान चेहऱ्याइतके.

जरी, दागिने, भरजरी शेला यांचा तपशील मोजत बसू नका. एलन टेरीच्या त्या हिरव्या पोशाखावर भुंग्यांचे सुमारे हजार चमकते पंख शिवलेले होते. सार्जंटने त्यांची चमक पकडली, संख्या सोडून दिली. जरीकाठासाठी आधी ऑकर आणि बर्न्ट अंबरचा गडद पट्टा द्या, आणि प्रकाश पडतो तिथेच मोजके जाड, उजळ फटकारे मारा. फटकारा मारलात की पुन्हा त्याला हात लावू नका.

पार्श्वभूमीत नेपथ्य रंगवण्याची गरज क्वचितच असते. मानेंच्या रुव्हिएरमागे भिंत आणि जमीन वेगळी दाखवलेलीच नाही. काळे कपडे, करडा अवकाश, पायाशी सावली आणि जमिनीवर पडलेली तलवार, एवढंच. ती सावलीच नटाला रंगमंचावर उभं करते.

कुठे थांबायचं?

चित्र संपत आलं की पुढच्या कसोट्या लावा.

- चेहऱ्यावर कागद धरा. नुसत्या शरीरावरून प्रसंगाचा ताण कळतो का? कळत नसेल तर काम तिथे बाकी आहे.
- आता फक्त चेहरा उघडा ठेवा. सगळी कथा तिथेच सांगून झाली असेल तर भुवया आणि तोंड यांचा जोर अजून उतरवा.
- दहा फुटांवरून आणि तीन फुटांवरून पाहा. लांबून मुद्रा आणि जवळून माणूस दिसायला हवा.
- नाटक पाहिलेल्याला "दिसतो का सारखा?" असं विचारू नका, "कोणता प्रवेश?" असं विचारा. न पाहिलेल्याला विचारा, "या माणसाला काय हवं आहे?" उत्तर तुमच्या वाक्याजवळ आलं की ब्रश धुवायला घ्या.

नटाला चित्र दाखवताना जवळ आरसा ठेवा. मेकअप रूममध्ये तो रोज आपला चेहरा उलटा पाहतो, त्यामुळे सरळ चित्रात त्याला काहीतरी खटकतंच. आरशातलं चित्र पाहिल्यावर त्याची तक्रार खरी किती आणि सवयीची किती, हे दोघांनाही कळतं.

जाड तैलरंगाला वॉर्निश करण्याआधी सहा महिने ते वर्षभर थांबा. पावसाळ्यात कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकवू नका आणि मागे हवा खेळती ठेवा, कारण बुरशी पाठीमागूनच चढते.

जे काम करत आहेत, त्यांना रंगवा

आपल्याकडे नटाची बरीचशी चित्रं तो गेल्यावर, एखाद्या फोटोवरून आणि हार घालण्यासाठी केली जातात. फोटो कितीही चांगला असला तरी वजन कोणत्या पायावर होतं, बोलण्याआधी मान कशी हलायची, प्रकाशात कान कसा दिसायचा, हे त्यातून मिळत नाही. हे ज्ञान नट उभा असतानाच घ्यावं लागतं आणि ते घेण्याची कुवत चित्रकारात आहे. त्यासाठी नाव मोठंच असायला हवं असंही नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा तुमच्या गावातला हौशी नट, झाडीपट्टीत रात्र जागवणारी अभिनेत्री, जत्रेत स्वतःच्या हाताने चेहरा रंगवणारा दशावतारी कलावंत, यांच्यातलं कोणीही एका मोठ्या चित्राचा विषय आहे.

तेव्हा या हंगामात एक नाव निवडा. पहिल्या प्रयोगाचं तिकीट काढा, वही घरी ठेवून नाटक पाहा, दुसऱ्यांदा वही घेऊन जा. मग व्यवस्थापकांकडे रंगीत तालमीची परवानगी आणि नटाकडे एका सकाळची बैठक मागा. चित्र झाल्यावर ते घरात ठेवू नका. गावच्या नाट्यगृहाला किंवा नाट्यसंस्थेला विचारा आणि जिथे तो नट काम करतो तिथेच, प्रेक्षक ये-जा करतात त्या भिंतीवर ते लावायला द्या.